दिव्याची उघडझाप आणि मेंदूचा ठेका

सप्रेम जयभीम करून एका भगिनीने चार पानी पत्र पाठविले आहे. नाव-गाव छापू नये, अशी तिची विनंती आहे आणि ती आम्ही पाळत आहोत. पत्रातील हकिकत थोडक्यात अशी. थोरल्या मुलाची हळद होती. दारात मांडव, मांडवासमोर डीजेची गाडी आणि त्या गाडीवर भराभर उघडझाप करणारे पांढरेशुभ्र दिवे. अकरावीत शिकणारी धाकटी मुलगी लग्नघरच्या धावपळीत दोन रात्री नीट झोपली नव्हती. ती मैत्रिणींबरोबर दिव्यांच्या अगदी समोर नाचत होती. एकाएकी थबकली, डोळे फिरले आणि धाडकन खाली पडली. अंग ताठ झाले, मग हातापायांना झटके येऊ लागले. कोणी तिच्या नाकाला चप्पल लावली, कोणी मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबला, कोणी दातांत चमचा घालायला धावले. दोन-अडीच मिनिटांत झटके थांबले. मुलगी सावकाश शुद्धीवर आली. पण तोवर मांडवभर कुजबुज झाली होती, "पोरीला बाहेरचं लागलं."

या भगिनीचे आम्हाला मनापासून कौतुक वाटते. नातेवाईक भगताचा पत्ता घेऊन बसले असताना ती मुलीला घेऊन जिल्ह्याच्या गावी डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी मेंदूचा आलेख, म्हणजे ई.ई.जी., काढायला सांगितला. तो काढला. अहवाल हाती आला, पण डॉक्टरांची पुढची तारीख आठ दिवसांनंतरची. दरम्यान इंग्रजी जाणणाऱ्या एका पाहुण्याने अहवालातील दोन शब्दांवर बोट ठेवले : 'फोटिक ड्रायव्हिंग'. आणि अर्थ सांगितला, "ड्रायव्हिंग म्हणजे हाकणं. दिवा हिचा मेंदू हाकतोय. मेंदू हिच्या ताब्यात राहिलेला नाही." पत्राच्या शेवटी ही माउली विचारते, "माझी मुलगी वेडी होणार का? हिचं पुढं कसं व्हायचं?"

ताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, म्हणजे पुढचे शांतपणे वाचता येईल. त्या दोन शब्दांवरून मुलगी वेडी होणार, असे मुळीच ठरत नाही. 'फोटिक ड्रायव्हिंग' हा आजार नव्हे. तुमच्या-आमच्या निरोगी मेंदूतही तो दिसतो. तो काय आहे, कसा मोजतात आणि खरी काळजी कशाची करावयाची, हे आज सविस्तर पाहू.

मेंदूतली वीज

आपला मेंदू अब्जावधी पेशींचा बनलेला आहे. या पेशी एकमेकींशी बोलतात त्या रसायनांच्या आणि विजेच्या भाषेत. असंख्य पेशी एका लयीत काम करू लागल्या की त्यांच्या विजेची क्षीण लाट कवटीवरच्या त्वचेपर्यंत पोहोचते. डोक्याला लेप लावून छोट्या चकत्या बसवल्या की ती लाट पकडता येते. ती किती क्षीण असते? भिंतीवरच्या घड्याळात आपण जो पेन्सिल सेल घालतो तो दीड व्होल्टचा. मेंदूची लाट साधारण पन्नास मायक्रोव्होल्टची, म्हणजे त्या सेलच्या तीस हजाराव्या हिश्श्याएवढी.

माणसाच्या मेंदूतील ही लाट पहिल्यांदा कागदावर उतरविली ती जर्मनीतील येना शहरच्या हान्स बर्जर या मनोविकारतज्ज्ञांनी, १९२४ साली. त्यांची कथा मोठी उद्बोधक आहे. तरुणपणी सैन्यात असताना बर्जर घोड्यावरून पडले आणि मरता मरता वाचले. त्याच दिवशी दूरगावी असलेल्या त्यांच्या बहिणीला भावाची काळजी वाटू लागली आणि तिच्या आग्रहावरून वडिलांनी तार केली. बर्जर यांना वाटले, आपल्या मनातली भीती बहिणीच्या मनापर्यंत पोहोचली असली पाहिजे. ही 'मनाची शक्ती' शोधायला ते निघाले. पण त्यांनी मंत्र-तंत्राचा रस्ता धरला नाही. त्यांनी तारा लावल्या, उपकरणे जुळवली, वर्षानुवर्षे मोजमाप केले. हाती काय आले? इतकी दुबळी वीज की ती कवटीवरून टिपतानाच मारामार. परगावच्या बहिणीपर्यंत ती पोहोचण्याचा प्रश्नच नाही. ज्याच्या शोधात निघाले ते सापडले नाही, पण प्रामाणिकपणे मोजत राहिल्यामुळे त्याहून मोलाचे काही सापडले. १९२९ साली त्यांनी ते जगापुढे मांडले. डोळे मिटून शांत पडलेल्या माणसाच्या डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला सुमारे दहा लाटा उठतात आणि डोळे उघडले की त्या ओसरतात, असे त्यांनी दाखविले. या लाटांना आज 'अल्फा' म्हणतात.

प्रारंभी अनेकांना हे खरे वाटेना. पुढे १९३४ साली इंग्लंडमधील केंब्रिज येथे एडगर एड्रियन आणि ब्रायन मॅथ्यूज यांनी तोच प्रयोग करून पाहिला. एड्रियन यांना दोनच वर्षांपूर्वी नोबेल पारितोषिक मिळाले होते, तरी ते स्वतःच डोक्याला तारा लावून बसले. बर्जर यांचे म्हणणे खरे निघाले. त्याच वेळी या दोघांनी आणखी एक गोष्ट पाहिली आणि तीच आपल्या आजच्या लेखाचा विषय आहे. डोळ्यांपुढे प्रकाशाची ठरावीक वेगाने उघडझाप केली, की मेंदूच्या लाटा आपली चाल सोडून त्या उघडझापीच्या चालीने उठू लागतात. १९४६ साली ब्रिस्टलच्या ग्रे वॉल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विजेवर चालणारा झगझगीत लुकलुकता दिवा वापरून हा अभ्यास पुढे नेला. आज ई.ई.जी.च्या खोलीत रुग्णाच्या चेहऱ्यासमोर जो दिवा चमकवतात, तो त्याच दिव्याचा वारस आहे.

ठेका का लागतो?

समजा, डोळ्यांसमोर एकदाच प्रकाश चमकला. डोळ्यातून निरोप निघतो आणि मेंदूच्या मागच्या भागात सेकंदाच्या सुमारे दहाव्या हिश्श्यात मुख्य लाट उठते. मग ती हळूहळू विरते. दिवा सेकंदाला एकदाच चमकत असेल, तर प्रत्येक चमक आणि तिची लाट वेगळी दिसते. आता दिवा सेकंदाला बारा वेळा चमकू लागला. दोन चमकांमधले अंतर झाले सेकंदाच्या बाराव्या हिश्श्याएवढे. म्हणजे पहिल्या चमकेची लाट पुरती उठायच्या आत दुसरी चमक येते, दुसरीची उठायच्या आत तिसरी. लाटेत लाट मिसळते आणि सेकंदाला बारा या एकाच तालाची अखंड लहर वाहू लागते. जात्यावर दळताना पहिल्या दोन-तीन फेऱ्यांना हात अडखळतो, मग पाळी एकसारखी फिरू लागते, तसेच हे. शास्त्रात याला 'स्थिर अवस्थेतील प्रतिसाद' म्हणतात. डेव्हिड रीगन या संशोधकांनी १९६६ च्या सुमारास या प्रतिसादाचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला.

आता कोणी विचारील की मेंदूचा स्वतःचा झोका दिव्याच्या ढकलण्याने त्याच्या तालात येतो, की प्रत्येक चमकेचे नुसते पडसाद एकामागून एक जुळतात? हा प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्यावर शास्त्रज्ञांत आजही वाद चालू आहे. पण दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्य आहे. दिवा मेंदूला 'ताब्यात' घेत नाही. ढोलकी वाजू लागली की आपला पाय आपोआप ठेका धरतो. म्हणून ढोलकीवाला आपल्या पायाचा मालक होतो काय? फोटिक ड्रायव्हिंग म्हणजे डोळ्यांकडून आलेला ताल मेंदूच्या दृष्टिकेंद्राने धरला, एवढेच. कोणाच्या आलेखात तो ठळक दिसतो, कोणाच्या पुसट, कोणाच्या दिसतच नाही. ही सगळी निरोगीपणाचीच रूपे आहेत. मात्र उजव्या आणि डाव्या बाजूंत फारच मोठा फरक असेल, तर डॉक्टर त्याची नोंद घेतात.

कोलाहलातून ताल कसा निवडतात?

डोक्यावरून टिपलेली वीज स्वच्छ नसते. पापणी लवली, दात आवळले, मान हलली की तिच्यात गडबड होते. घराघरांतून खेळणाऱ्या विजेचा सेकंदाला पन्नास वेळा होणारा गुणगुणाटही तिच्यात घुसतो. मग या कोलाहलातून नेमका दिव्याचा ताल वेचायचा कसा?

चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत हजारो लोक बोलत असतात, घोषणा चालू असतात, मोटारींचे भोंगे वाजत असतात. तरी दूरवरची हलगी आपल्या कानाला वेगळी कळते. कारण बाकीचे आवाज कसेही, केव्हाही येतात. हलगी मात्र सारख्या अंतराने येते. शास्त्रज्ञांनी हीच गोष्ट पकडली.

पहिली रीत घडीची. मेंदूचा आलेख लांबच लांब कागदी पट्टीवर काढला आहे, असे समजा. जिथे जिथे दिवा चमकला तिथे तिथे पट्टीला घडी घाला आणि सगळ्या घड्या एकावर एक ठेवून उजेडात धरा. दिव्यामुळे उठलेला उंचवटा प्रत्येक घडीत एकाच जागी येईल आणि ठळक होईल. पापणी-जबड्याच्या गडबडीचे उंचवटे कुठेही पडलेले असतात. ते एकमेकांना खोडून काढतील. गणित असे सांगते की शंभर घड्यांची सरासरी काढली, तर गडबड दहापट कमी होते.

दुसरी रीत चाळण्यांची. फ्रान्समधील जोसेफ फूरिये या गणितज्ञांनी उष्णतेचा अभ्यास करताना एक विलक्षण गोष्ट मांडली. त्यांचा त्यावरचा ग्रंथ १८२२ सालचा. कितीही वेडीवाकडी लाट घ्या, ती निरनिराळ्या वेगांच्या साध्या, गुळगुळीत लाटांची बेरीज असते. म्हणजे ती बेरीज पुन्हा फोडता येते. सेकंदाला एक, दोन, तीन अशा वेगांच्या चाळण्या लावाव्यात आणि कोणत्या चाळणीत किती माल उरला, ते मोजावे, तसे हे काम आहे. पूर्वी ही आकडेमोड फार वेळखाऊ होती. १९६५ साली कूली आणि टूकी यांनी ती झटपट करण्याची रीत प्रसिद्ध केली आणि संगणकाने ती हातोहात होऊ लागली.

मेंदूचा आलेख जितका जास्त वेळ घ्यावा, तितकी चाळणी बारीक होते. एक सेकंदाचा आलेख असेल तर सेकंदाला बारा आणि तेरा हे वेग वेगळे काढता येतात. दहा सेकंदांचा असेल तर बारा आणि बारा पूर्णांक एक दशांश हेही वेगळे निघतात. गडबडीचा कचरा सगळ्या चाळण्यांत थोडा थोडा विखुरतो. दिव्याचा प्रतिसाद मात्र एकाच बारीक चाळणीत गोळा होतो. त्यामुळे आजूबाजूच्या सपाट रानात एकटा माड उभा असावा, तसा बाराच्या जागी एक उंच सुळका दिसतो. त्याच्या दुप्पट, म्हणजे चोविसाच्या, आणि तिपटीच्या, म्हणजे छत्तिसाच्या जागीही लहान सुळके दिसतात. कारण मेंदू दिव्याची हुबेहूब नक्कल करीत नाही, तो आपल्या स्वभावाप्रमाणे त्या तालात भर घालतो.

एक अडचण उरते. दिवा सेकंदाला दहा वेळा चमकवला आणि दहाच्या जागी सुळका दिसला, तर तो दिव्याचा कशावरून? मेंदूची अल्फा लाटही दहाचीच. याचा निवाडा लेझीम पथकात मिळतो. पथक ढोलाच्या ठोक्यानंतर किंचित उशिरा पाऊल टाकते, पण तो उशीर दर वेळी तेवढाच असतो. रस्त्याने आपल्या नादात चाललेला वाटसरू मात्र कधी ठोक्याच्या आधी पाऊल टाकील, कधी नंतर. चमक आणि लाट यांच्यातील अंतर दर वेळी सारखे असेल, तर ती दिव्याची प्रजा. अंतर बदलत राहिले, तर ती मेंदूची स्वतःची चाल. म्हणून तज्ज्ञ सुळक्याची नुसती उंची पाहत नाहीत, हा उशीरही मोजतात.

याचा उपयोग काय?

इतका खटाटोप कशासाठी, असे वाटेल. उपयोग मोठे आहेत आणि ते बहुतांशी अशा माणसांसाठी आहेत ज्यांना स्वतःचे दुःख सांगता येत नाही.

तान्ह्या बाळाला ऐकू येते की नाही, हे त्याला विचारता येत नाही. पण आवाज ठरावीक वेगाने कमी-जास्त केला, तर ऐकणाऱ्या मेंदूतही तोच ताल उमटतो. १९८१ साली रॉबर्ट गॅलॅम्बॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेकंदाला चाळीसच्या आसपासचा आवाजाचा प्रतिसाद मोठ्यांत ठळक दिसतो, असे दाखविले. झोपेत तो मंदावतो; म्हणून झोपलेल्या बाळासाठी पुढे सेकंदाला ऐंशी ते शंभर हा वेग वापरात आला. यातली खुबी अशी की जाड, मध्यम, बारीक असे तीन-चार सूर एकदम ऐकवून प्रत्येकाला वेगवेगळा ताल देता येतो. कोणत्या तालाचा सुळका उमटला नाही, त्यावरून कोणता सूर बाळापर्यंत पोहोचत नाही ते कळते. मूल आवाजाकडे वळत नाही, अशी शंका आली तर 'बोलेल उशिरा' म्हणत वर्षे घालवू नका. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, २०१३ पासून, जन्मजात बहिरेपणाची तपासणी येते. मुंबईत वांद्र्याला १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे.

दुसरा उपयोग अंगावरून वारे गेलेल्या, बोलता न येणाऱ्या माणसांसाठी. संगणकाच्या पडद्यावर अक्षरांची खणे असतात आणि प्रत्येक खण वेगळ्या वेगाने लुकलुकतो. रुग्ण ज्या अक्षराकडे टक लावून पाहील, त्या वेगाचा सुळका त्याच्या मेंदूच्या आलेखात उंच होतो. संगणक तो ओळखतो आणि ते अक्षर छापतो. हात हलत नाही, जीभ वळत नाही, तरी माणूस 'पाणी' असे लिहू शकतो. लक्ष दिल्याने प्रतिसाद वाढतो, हेही १९९६ साली प्रयोगाने सिद्ध झाले आहे. आपण म्हणतो ना, नजर असून लक्ष नाही! हा फरक आता मोजता येतो.

खरी काळजी कुठे?

आता तुमच्या मुलीकडे वळू. काही थोड्या लोकांचा मेंदू लुकलुकत्या प्रकाशाला नुसता ठेका धरून थांबत नाही. तालाने सुरू झालेली लाट एकाएकी भडकते, सगळ्या मेंदूभर पसरते, आणि कधी कधी दिवा बंद केल्यावरही चालू राहते. वाटेवरच्या गवताला लागलेला विस्तव जसा वणवा होतो, तसे. अहवालात याचे नाव वेगळे असते : 'फोटोपॅरॉक्सिझमल रिस्पॉन्स'. हे शब्द असतील, तर प्रकाशामुळे झटके येण्याची प्रवृत्ती आहे, असे डॉक्टर समजतात. तुमच्या अहवालात 'फोटिक ड्रायव्हिंग' आहे, हे शब्द नाहीत, असे तुमच्या पत्रावरून दिसते. पण पत्रावरून निदान करण्याचा अधिकार आम्हाला नाही. आलेख निर्दोष आला म्हणजे मिरगी नाहीच, असेही नसते आणि एकदा झटका आला म्हणजे मिरगीच, असेही नसते. मुलगी कशी पडली, दिवे कसे होते, झोप किती झाली होती, झटके किती वेळ चालले, हे ज्याने डोळ्यांनी पाहिले त्याने डॉक्टरांना नीट सांगणे, हे आलेखाइतकेच महत्त्वाचे. शक्य तर त्या माणसाला बरोबर न्या.

मिरगीच्या शंभर रुग्णांत साधारण तीन ते पाच जणांना प्रकाशाचा असा त्रास होतो. तो बहुधा शाळा-कॉलेजच्या वयात प्रथम दिसतो आणि मुलांपेक्षा मुलींत अधिक दिसतो. सेकंदाला पंधरा ते पंचवीस चमका हा सर्वांत धोक्याचा पट्टा. मांडवातले दिवेच नव्हेत, तर धावत्या एस.टी.च्या खिडकीतून झाडांच्या रांगेआडून चमकणारे ऊनही एखाद्याला पुरते.

हे किती खरे आहे, ते जपानने १६ डिसेंबर १९९७ रोजी अनुभवले. त्या संध्याकाळी 'पोकेमॉन' या मुलांच्या चित्रमालिकेत काही सेकंद लाल आणि निळ्या रंगांची सेकंदाला सुमारे बारा वेळा आलटून-पालटून उघडझाप झाली. देशभरातून सुमारे ६८५ मुलांना इस्पितळात न्यावे लागले. काहींना झटके आले, काहींना नुसती मळमळ, डोकेदुखी, चक्कर. त्यांतील अनेकांना पूर्वी कधीच फिट आली नव्हती. मालिका चार महिने बंद राहिली. कोणी भूत काढायला निघाले नाही. दिव्यांचा वेग मोजला, रंग तपासले, आणि एप्रिल १९९८ मध्ये तेथील दूरदर्शन संस्थांनी चमकांवर मर्यादा घालणारे नियम केले. ब्रिटनमध्ये तसे नियम आधीपासून होते. सेकंदाला तीनपेक्षा जास्त चमका नकोत, हे त्यांतले मुख्य सूत्र.

घरात काय करावे?

पुन्हा झटका आला, तर घाबरू नका. घड्याळ पाहा. आजूबाजूच्या कडक, टोकदार वस्तू दूर करा, डोक्याखाली घडी केलेले कापड ठेवा, गळ्याभोवतीचे कपडे सैल करा. झटके थांबताच कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर येईल. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. चप्पल, कांदा, किल्ल्या यांनी झटका थांबत नाही. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआपच थांबतात आणि श्रेय चपलेला मिळते. पाच मिनिटांवर झटका चालला, किंवा शुद्ध न येताच दुसरा आला, तर ताबडतोब इस्पितळात न्या.

लुकलुकता प्रकाश अचानक समोर आला, तर मुलीने एक डोळा तळहाताने पूर्ण झाकावा आणि तोंड फिरवावे. नुसते डोळे मिटून भागत नाही, कारण झगझगीत प्रकाश पापणीतून आत शिरतो. झोप मोडू देऊ नका. अभ्यासासाठी असो की लग्नासाठी, जागरण हे झटक्याला आमंत्रण आहे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तर मनाने बंद करू नका. जागतिक आरोग्य संघटना सांगते की योग्य उपचार मिळाले, तर शंभरातील सत्तर जण झटक्यांशिवाय जगू शकतात. पुढे लग्न होऊन मूल हवे असेल, तेव्हा आधी डॉक्टरांशी बोलावे, कारण काही गोळ्या बदलाव्या लागतात.

तुमच्या नणंदेने विचारले म्हणे, "आता हिचं लग्न कसं जमायचं?" ताई, ती अकरावीत आहे. आधी तिला शिकू द्या. आणि कायद्याचे म्हणाल, तर हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. १९७६ च्या दुरुस्तीने त्यात वेडाच्या जोडीला मिरगीचे वारंवार येणारे झटके हे लग्नाला बाधक ठरविले होते. १९९९ च्या विवाह कायदे (दुरुस्ती) अधिनियमाने मिरगी हा शब्द तेथून आणि विशेष विवाह कायद्यातूनही काढून टाकला. म्हणजे समजा मिरगीच निघाली, तरी कायद्याच्या नजरेत ती लग्नाला अडसर नाही. मात्र समोरच्यांपासून लपवू नका. गोळी चोरून घ्यावी लागणारे घर मुलीच्या काय कामाचे?

आणि भगताचा पत्ता घेऊन पुन्हा कोणी आले, तर त्यांना सांगा की महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरविण्याच्या नावाखाली बांधून ठेवणे, मारहाण करणे, जोडे भिजवलेले पाणी पाजणे हा त्यात गुन्हा आहे.

भगताचा नवा अवतारही बाजारात आला आहे, त्याच्यापासूनही सावध राहा. 'मेंदूच्या लहरी वाढवा, स्मरणशक्ती तल्लख करा' असे सांगून चमकणारे चष्मे आणि यंत्रे विकली जातात. अमेरिकेत २०१६ साली उंदरांवरील प्रयोगात सेकंदाला चाळीस चमकांच्या प्रकाशाने विस्मरणाच्या आजारातील मेंदूतला घातक थर कमी झालेला दिसला होता. २०२३ साली दुसऱ्या गटाने तपासले, तेव्हा त्यांना तसे आढळले नाही. माणसांवर चाचण्या झाल्या आहेत, पण तो अजून सिद्ध झालेला उपचार नाही. प्रयोगशाळेतल्या अर्धवट बातमीवर कोणी दुकान मांडले, तर आपला खिसा आणि मुलांचे डोके दोन्ही सांभाळा.

शेवटी वस्तीतल्या तरुणांना एक विनंती. हळद असो, वरात असो की मिरवणूक, डीजेवाल्याला आगाऊ पैसे देतानाच सांगा की भराभर चमकणारा पांढरा दिवा लावायचा नाही. त्याला एक पैसाही खर्च येत नाही. गर्दीत कोणाची मुलगी, कोणाचा मुलगा त्या प्रकाशाला हळवा आहे, हे त्याच्या आईलाही ठाऊक नसते.

ताई, अहवालाचा कागद नीट जपून ठेवा. आठव्या दिवशी डॉक्टरांपुढे तो ठेवा आणि विचारा, "यात फक्त ड्रायव्हिंग आहे, की आणखी काही?" उत्तर येईल ते आम्हाला जरूर कळवा. आणि मुलीला आजच सांगा, तिच्या मेंदूने दिव्याचा ताल धरला, यात तिचा काही दोष नाही आणि भिण्यासारखेही काही नाही. डोळे उघडे असणाऱ्या सगळ्यांचाच मेंदू कमी-अधिक असेच करतो.